बोअरवाल्यासोबत भामेरला

धुळ्यातून निघालो तेव्हा पांझरेवर धुकं नव्हतं,
धूर होता. काठावर कुणीतरी टायर जाळलेला.
हिलालच्या गाडीला आरसा एकच,
तोही त्याच्या मिशीकडे वळवलेला.
मागे मी, मांडीवर डबा:
कळण्याच्या चार भाकरी, ठेचा,
आणि डब्याखाली नकाशा,
मीच काढलेला, कचेरीत, खिडकीकडे पाठ करून.

कुसुंबा गेलं. नेर गेलं.
डोंगर आले ते पंगतीला बसल्यासारखे,
सपाट डोक्यांचे, पोटांवर आडव्या रेघा.
मला वाटायचं, पावसाने पाडल्या.
हिलाल म्हणाला, 'एकेक रेघ म्हणजे एकेक उकळी.
लाव्हा आला, पसरला, थिजला. मग परत आला.
मी वरून खाली जातो ना, मला उलटं वाचावं लागतं.
काळा पाषाण लागला की बिट तापतं, डिझेल जातं.
मग गेरू. लाल, चिकट, पाइप सोडत नाही.
तो दोन उकळ्यांमधला आराम.
मग पुन्हा काळा.'
हे सगळं त्याने हातवारे करत सांगितलं,
हँडल सोडून.

पुढे ती भिंत.
कुठे कंबरेएवढी, कुठे दोन पुरुष,
हरभऱ्यातून निघून सरळ टेकडीवर चढलेली
आणि टेकडीला न विचारता पलीकडे उतरलेली.
'कोणत्या राजाची?'
बांधावरच्या बाईने गवताचा भारा टेकवला.
'कोन्हीच बांधी नही, भाऊ. आपली आपण उठनी.'

नकाशावर ती नव्हती.
मी गटांच्या हद्दी काढतो, पाणंद, नाला, स्मशान,
पण ही हद्द कुणी मागितलीच नव्हती.
कधी तरी जमीन तडकली, तडक्यात आग शिरली,
आग गोठली;
मग भोवतालची सगळी जमीन झिजून गेली
आणि उभा राहिला तो फक्त तडा.

बाईचं नाव केवळबाई.
भिंतीच्या अलीकडे तिचा वाटा, पलीकडे धाकट्या जावेचा.
अलीकडे हिलालनेच चारशे फूट मारले होते:
भुकटी.
पलीकडे नव्वदला पाणी.
'भिंत खाले बी शे ना,' तो ओशाळून म्हणाला,
जणू ती त्यानेच पुरली होती.
दोघी जावा चार वर्षं बोलत नव्हत्या, म्हणे.
आता भिंतीवरून एक काळा पाइप गेलेला,
जिथे दगड धारदार तिथे
जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली.
बोलतात का आता?
'पानी सोडं का म्हनीसन हाका मारस,' केवळबाई म्हणाली,
'तेवढंच.'

भामेरला पोचायला दुपार झाली.
वेशीच्या दगडी कमानीखाली ट्रॅक्टर अडकलेला,
ट्रॉलीत कांदे, कांद्यांवर पोरं.
डोंगराच्या कड्यात कोरलेली काळी दारं,
इतक्या उंचावर की तिथे राहणाऱ्याला
मीठ आणायला किती वेळ लागत असेल, हेच मनात आलं.
गावात एका दारची पायरी म्हणजे
आडवा पडलेला खांब, कमळ अर्धं पुसलेलं,
उरलेल्या अर्ध्यावर एक म्हातारा विळा घासत होता.
फोटो काढू का, विचारलं.
त्याने विळा बाजूला ठेवला,
कमळ धोतराच्या सोग्याने पुसलं,
आणि स्वतः फोटोतून उठून गेला.

वर जाता जाता ऊन उतरलं.
कड्याला टेकून भाकरी खाल्ली.
खाली तशाच आणखी तीन-चार भिंती
शेतं चिरत मावळतीकडे गेलेल्या.
मी दगडावर तळवा ठेवला. गरम होता.
गरम म्हणजे ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा.
करोडो वर्षं, मी म्हणालो,
आणि आत अजून...

हिलालने ठेच्याची बोटं चाटली.
'आजनंच ऊन शे ते,' तो म्हणाला.
'आठ वाजता हात लाव. गार.'

आम्ही आठपर्यंत थांबलो नाही.